एकसष्ट धडे आणि तेवीस मशीनच्या किल्ल्या

मी, श्रीकृष्ण मुरलीधर कोतवाल, वय ६८ वर्षे, निवृत्त संगणक शिक्षक, राहणार जव्हार, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. हृदयाची झडप नीट मिटत नाही, असे डॉक्टर म्हणतात. डोके शाबूत आहे, तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मसुदा माझी पुतणी अ‍ॅड. समृद्धी हिने केला. मधली बडबड गाळा, असे तिचे म्हणणे होते. ती माझ्याकडून फी घेत नाही, त्यामुळे तिचे ऐकणे मला बंधनकारक नाही.

१. जव्हारचे राहते घर स्वकष्टार्जित असून ते माझा एकुलता एक मुलगा नीलेश, राहणार ठाणे, याला मिळावे. विकायचे असल्यास खुशाल विकावे. स्वयंपाकघरातले उंच स्टूल मात्र त्याने न्यावे. त्यावर बसून त्याची आई भाजी निवडायची.

२. बँकेतील ठेवी नीलेशला.

३. केबलचा चिमटा, टेस्टर, सोल्डरिंगचे सामान मी ज्या शाळेत शिकवले तिला द्यावे. अ‍ॅल्युमिनियमची शिडी शेजारी मंगेश याच्याकडे सहा वर्षांपासून आहे. ती परत मागू नये. पण ती माझी आहे, हे त्याला एकदा सर्वांदेखत सांगावे.

४. आता मुख्य मालमत्ता. जव्हार व मोखाडा तालुक्यांतील तेवीस पाड्यांच्या शाळांत एका संस्थेच्या मदतीने मी एकेक लॅपटॉप बसवला. सगळ्यांवर लिनक्स, म्हणजे फुकट आणि खुली प्रणाली. ते सगळे मी घरच्या एका कॉम्प्युटरवरून सांभाळत आलो. त्यासाठीचे साधनही तसेच खुले, अ‍ॅन्सिबल नावाचे. यादीत मशीनची नावे लिहायची आणि काय करायचे तो हुकूम एकदाच लिहून ठेवायचा. प्रत्येक मशीन रेंज मिळाली की माझा हुकूम वाचते आणि पाळते. रेंज नसेल तर हुकूम वाट पाहतो. दिवस जावोत की महिने. मी घरात बसून तेवीस शाळा चालवतो याची मला फार घमेंड होती. माझी पत्नी कै. पुष्पावती म्हणायची, ‘‘तेवीस पोरं एका हुकमात उठतात, आणि तुम्ही मात्र चार हाका मारल्याशिवाय जेवायला उठत नाही.’’

५. पुष्पावती प्राथमिक शिक्षिका होती. निवृत्तीनंतर दोन वर्षे ती आठवड्यातले तीन दिवस सूर्यमाळच्या पाड्यावर राहायची. पहिलीतल्या मुलांना शाळेची मराठी कळत नाही, म्हणून तिने चैती लहान्या वारघडे हिच्याकडून त्यांच्या घरची बोली शिकून घेतली. चैती तिथली, त्याच संस्थेने नेमलेली मदतनीस, दहावी पास. लॅपटॉपही तीच सांभाळायची. पुष्पाने आधी बोलीत, मग मराठीत, असे एकसष्ट धडे स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून त्या लॅपटॉपवर ठेवले. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. घरात रोज बोलणाऱ्या माणसाचा आवाज कोण साठवून ठेवतो?

६. हे कलम नीलेशने बसून वाचावे.

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी पुष्पाला नाशिकला दवाखान्यात न्यायचे होते. गाडी दारात उभी होती. शाळांच्या मशीनमध्ये सिनेमे नि गाणी भरून जागा संपली होती, म्हणून निघता निघता मी हुकूम लिहिला : ध्वनी आणि चित्रफिती काढून टाका. ‘सूर्यमाळ सोडून’ असे लिहायचे होते. मी ‘सर्व’ एवढेच लिहिले. बावीस मशीनांनी तो त्याच दिवशी पाळला. सूर्यमाळला रेंज नव्हती.

३ एप्रिलला पुष्पा गेली. तेरावे झाल्यावर तू म्हणालास, बाबा, आईचे धडे ऐकायचे आहेत. जीपने सूर्यमाळ गाठून पेनड्राइव्हवर आणायला अर्धा दिवस पुरला असता. पण घरी बसून होणाऱ्या कामासाठी मी कधी गेलो नव्हतो. मी चैतीला निरोप धाडला की लॅपटॉप टेपाडावर ने, तिथे रेंज येते, मी इथून उतरवून घेतो. ती तो ओढणीत गुंडाळून वर घेऊन गेली. मशीनला रेंज मिळाली आणि त्याने आधी सात आठवडे थांबलेला हुकूम वाचला.

आपण दोघे इथे पडद्यासमोर बसलो होतो. फोल्डर रिकामे दिसले. तू माझ्याकडे पाहिलेस. मी म्हणालो, चैतीने काहीतरी दाबले असणार. मला तेव्हा खरेच तसे वाटले, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल. तू संतापून संस्थेला पत्र लिहिलेस आणि त्यांनी तिला काढले. ती भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली.

आठ महिन्यांनी दुसरेच काही शोधताना मशीनची नोंद वाचली. एकसष्ट फाइली काढल्या, हुकूम देणारा श्रीकृष्ण. साधनाचा काही दोष नाही; मी लिहिले तेच त्याने केले. डिस्क मागवून नाशिकला दाखवली. त्यावर इतके दिवस काम झाले होते की काही हाती लागले नाही. पुष्पा, तुझा आवाज मी पुसला. तू दोनदा गेलीस आणि दुसऱ्यांदा मी तुला घालवले.

७. उपरोक्त घरचा कॉम्प्युटर, तेवीस मशीनची यादी, हुकमांच्या फाइली आणि त्यांची किल्ली व परवलीचा शब्द चैती लहान्या वारघडे हिला द्यावा. तिला परत घ्यावे म्हणून मी संस्थेला दोनदा लिहिले. कारण लिहिले नाही, म्हणून त्यांनी मानले नाही. कलम ६ ची प्रत त्यांना द्यावी आणि ते सूर्यमाळच्या शाळेत पालकांसमोर मोठ्याने वाचावे.

कारण का लिहिले नाही, तेही सांगतो. ती भट्टीवरून परत आल्यावर मी सूर्यमाळला गेलो. लॅपटॉप बसवल्यानंतर पहिल्यांदाच, जीपने, स्वतः. ओट्यावर बसून तिला सगळे कबूल केले. ती नाचणी पाखडत होती, थांबली नाही. म्हणाली, ‘‘मला ठाव हाय मास्तर. टेपाडावर पडद्यावं तुजं नाव आलं, मी वाचलं.’’ तिच्या पाड्यावर सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात.

म्हणजे नोकरी गेली, गावात नाव खराब झाले, वर्षभर विटा वाहिल्या, तरी तिने तोंड उघडले नाही. मी विचारले, का गं? आणि आता नीलेशला सांगतो म्हणालो. तेव्हा तिने सूप खाली ठेवले.

‘‘नको सांगूस. आई त गेलीच त्याची. बाप तरी राहू दे.’’

मी तिचे ऐकले. खरे सांगायचे तर पडत्या फळाची आज्ञा मानून ऐकले. दीड वर्ष तू दर रविवारी फोन करतोस, औषध घेतले का विचारतोस, आणि मी तुझा बाप म्हणून उत्तर देतो. हा कागद उघडला जाईल तेव्हा बापही गेलेला असेल. आता तिने गप्प राहायचे काही कारण उरले नाही. तू सूर्यमाळला जा, नीलेश. स्वतः जा.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

ठिकाण : जव्हार
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

(सही) श्रीकृष्ण मुरलीधर कोतवाल

साक्षीदार :
१. (सही) तन्मय अरविंद शिरसाट, औषध विक्रेता, जव्हार
२. (सही) कमू पांड्या झुगरे, अंगणवाडी सेविका, मोखाडा