अर्धे घर आणि एक ठराव

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा वकिली, धर्माने मुसलमान, स्वातंत्र्याच्या चळवळीत तीनदा तुरुंगात गेलेला आणि स्वातंत्र्यानंतर एकदाही निवडून न आलेला, आज पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तशाच दाखल्यावर सही करायला माझ्या पत्नीने नकार दिला.

१. आमच्या धर्माच्या कायद्याप्रमाणे मला मिळकतीचा फक्त तिसरा हिस्सा मर्जीप्रमाणे देता येतो. बाकीचा पत्नी, मुलगा व मुलगी यांना आपोआप जातो. जन्मभर लोकांना त्यांचे हक्क समजावले, स्वतःच्या वाट्याला एवढाच आला. कायद्याची पुस्तके मुलीला द्यावीत. मुलाने इंजिने दुरुस्त करण्याचे काम पत्करले आहे, तिथे खोटी साक्ष चालत नाही. वारसाला असे वेगळे काही द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. मुलाने ती दिली आहे; पत्नीची "एकदाची कपाटं रिकामी होऊ देत" या शब्दांत मिळाली आहे.

२. माझा पक्ष. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत मी शहरातून उमेदवारी मागितली. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही तुमच्या मोहल्ल्यातून उभे राहा." मोहल्ला म्हणाला, "तुम्ही तर पक्षाचे." दोघांचेही खरे होते. पक्षाला मी काहीही देत नाही. ऐन उमेदीची सव्वीस वर्षे आधीच दिलेली आहेत.

३. घर. हे घर माझे आणि धाकट्या भावाचे, निम्मे निम्मे. मी देश एकसंध राहावा म्हणून भाषणे करत होतो. तो दुसऱ्या पक्षात जाऊन वेगळा देश मागत होता. जेवायला दोघे एकाच ताटावर बसत होतो. देशाचे दोन तुकडे झाले, त्या महिन्यात तो सरहद्दीपलीकडे गेला. स्टेशनवर म्हणाला, "भाईजान, इथं तुम्हाला कुणी आपलं म्हणणार नाही."

मी म्हणालो, "न म्हणू देत. मी म्हणतो, तेवढं पुरे."

महिन्याभरात देश सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेचा सरकारी अधिकारी टेप घेऊन आला. भिंती मोजता मोजता त्याने विचारले, "आपण कधी निघणार?"

"मी कुठं जात नाही."

"त्याला पुरावा लागेल."

मी तुरुंगातून सुटल्याचे तिन्ही दाखले पुढे ठेवले. त्याने ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "हे जुन्या सरकारचे आहेत. चालणार नाहीत."

भावाचे अर्धे घर सरकारने घेतले आणि तिकडून सर्वस्व गमावून आलेल्या एका शाळामास्तरांना दिले. मास्तरांनी पहिल्याच दिवशी मधल्या दाराला फळ्या ठोकल्या. आठ महिने आम्ही बोललो नाही. मग शहर पेटले. एका दुपारी जमाव माझ्या दारात आला. मास्तर आपल्या ओट्यावर येऊन म्हणाले, "वकील गेले पलीकडे, भावाकडे. आता दोन्ही भाग माझेच." ज्या माणसाने मुलांना खोटे बोलल्याबद्दल छड्या मारल्या, तो हे बोलला. जमाव पांगल्यावर त्यांनी फळ्या उपटल्या आणि आम्हाला आपल्या स्वयंपाकघरात नेले. सहा दिवस आम्ही तिथे राहिलो. सातव्या दिवशी त्यांनी फळ्या पुन्हा ठोकल्या. म्हणाले, "लोक परत आले तर दार उघडं दिसायला नको. वाईट वाटून घेऊ नका, वकीलसाहेब." ते बोलत होते तेव्हा माझी पत्नी त्यांना खिळे देत होती.

माझा तिसरा हिस्सा, म्हणजे मधल्या दारालगतच्या दोन खोल्या, या मास्तरांना द्याव्यात. त्यांना हे सांगितलेले नाही. सांगितले असते तर त्यांनी नको म्हटले असते आणि मला वाद घालावा लागला असता.

४. दफन. चळवळीच्या शेवटच्या वर्षी मोहल्ल्याच्या कबरस्तान कमिटीने ठराव केला, की मी कौमशी, म्हणजे आपल्याच समाजाशी, गद्दारी केल्याने मला तिथे जागा मिळू नये. ठराव करणारे बहुतेक सगळे निघून गेले. ठराव इथेच राहिला. हल्लीचे अध्यक्ष लाकडाचे व्यापारी आहेत, माझ्याशी आदबीने वागतात. म्हणतात, "वकीलसाहेब, तुमच्यासाठी जीव हाजिर आहे. पण ठराव रद्द करायचा तर ठरावावर सही करणाऱ्या मूळ चिटणिसाचं लेखी ना-हरकत पत्र लागतं."

मूळ चिटणीस म्हणजे माझा भाऊ.

तो गेल्यावर सतरा वर्षांनी मी त्याला पत्र लिहिले. उत्तर यायला चार महिने लागले. ते दोन्ही सरकारांनी फोडून वाचलेले होते. त्याने लिहिले: "भाईजान, माझी हरकत नाही. सही करण्याआधी दोनदा दौत बाजूला सारली होती, पण ते इतिवृत्तात येत नाही. इथं मला अजून 'तिकडचा' म्हणतात. तुमच्या शेजारी एक जागा राहील का, ते कमिटीला विचारा."

कमिटीला विचारले. अध्यक्षांनी पुढच्या सभेपुढे विषय ठेवू म्हणून सांगितले.

सभेत काहीही ठरो, मला जिथे दफन कराल तिथे माझ्या उजवीकडची जागा भावासाठी रिकामी ठेवावी. त्याला यायची परवानगी मिळेल की नाही, ते त्याचे सरकार आणि माझे सरकार मिळून पाहतील, आणि दोघांनाही घाई नसते. मुलाने दरवर्षी तिथले गवत काढावे. कोणी विचारले तर सांगावे, घरातले एक माणूस यायचे आहे.

सही: वकील
साक्षीदार: १. समोरच्या दुकानातले शिंपी. २. मुलींच्या शाळेच्या ग्रंथपाल बाई.
स्थळ: घराची पुढची खोली.
दिनांक: निवडणुकीच्या निकालानंतरचा गुरुवार, सकाळी अकरा.