टोरी म्हणजे कोण

डंडॉक, १४ मार्च १६८२

चि. फेलिमला साइवताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. पत्ता पाहून चमकू नकोस. आठ दिवस झाले, मावशीकडे आले आहे. तिचे गुडघे दुखतात, तिला सोबत हवीच होती.

तू लिहिलंस, लंडनला तुझ्या मालकाच्या पंगतीत एक सरदार दुसऱ्यावर ओरडला, "टोरी कुठला!" आणि दुसऱ्याने हसत प्याला उंचावला, "टोरी तर टोरी!" राजाच्या बाजूच्यांना आता हीच शिवी देतात म्हणे. तुलाही हसू आलं.

मला शिसारी आली. शब्द आपला आयरिश आहे, फेलिम. ज्याच्या मागावर माणसं लागलीत, तो टोरी. आपला भाऊ तर्लो टोरी होता. इंग्रजांनी जमीन घेतली, तो दलदलीत गेला, त्यांची गुरं पळवू लागला. चार वर्षं ओल्या घोंगडीत निजला.

तो गेला, एवढंच मी तुला कळवलं होतं. त्याचं मुंडकं तुरुंगाच्या दारावर भाल्याला लावलं होतं. बाजाराचा दिवस. मी खाली उभी राहून लोणी विकलं. रडेल त्याचं नाव शिपाई लिहून घेत होते.

तू दोनदा विचारलंस, ईवरदाजी तर्लोबरोबरच रानात होते, ते सुखरूप घरी कसे? दोन्ही वेळा मी तुला हवापाणी कळवलं.

टोरीने टोरीचं मुंडकं आणून दिलं की त्याला माफी, असा कायदा आहे. ईवर त्या बाजाराच्या आदल्या सकाळी पोतं घेऊन आला होता.

"काय आहे त्यात?"

"विचारू नकोस. हातावर पाणी घाल."

मी घातलं.

बाजारातून परतून जाब विचारला, तर म्हणाला, "तो नाहीतर मी. तुला कोण हवा होता?"

मी पान घेतलं. त्याला जेवायला वाढलं. पुढे वर्षभर वाढत राहिले. त्याची किळस येते, त्याहून जास्त माझी.

तुझं हे पत्र आलं त्या दिवशी त्याला वाचून दाखवलं. पोट धरून हसला. "बघ, सरदारसुद्धा आमच्यात आले!" हातातला वाढायचा डाव तसाच टाकून मी उठले, शाल घेतली आणि चालू लागले. तो दारापर्यंतही आला नाही.

परत जाणार नाही. तिथे पुन्हा कोणी तो प्याला उंचावला, तर हसू नकोस. एवढंच कर.

ईवरची बायको नव्हे,
तर्लोची आणि तुझी बहीण,
साइव