बांधून ठेवलेलं दार

माबेला, मस्कत
८ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र उस्मानशेठच्या पुतण्यानं रत्नागिरीहून येताना आणलं. तुला फोनवर ऐकू येत नाही, हे माझ्या पथ्यावरच पडलं आहे. पत्र घ्यायच्या निमित्तानं मत्रहच्या बाजारात उस्मानशेठच्या दुकानात जाता येतं आणि तासभर कोकणातलं बोलता येतं. एरवी कौशिक कामावर, सूनबाई आणि उर्वी वादी कबीरच्या शाळेत. एकीला शिकवायचं, दुसरीला शिकायचं. घरात मी आणि परसात कोंबड्या.

आता कोंबड्याही धड राहिल्या नाहीत. परवा सकाळी दार उघडलं तर परसभर पिसं. आठातल्या तीन गेल्या, त्यात माझी चितरीसुद्धा. चोर भिंतीवरच बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. मागच्या वादीतला, म्हणजे कोरड्या नदीपात्रातला कोल्हा आहे, वाळूच्या रंगाचा. शेपूट अर्धीच, म्हणून मी त्याचं नाव बांड्या ठेवलं. आमचे घरमालक ओमानी, त्यांनी बजावलं की रानातलं जनावर मारायचं नाही, कायदा आहे. तेव्हा कौशिकनं वर्कशॉपमधून लोखंडी पिंजरा करून आणला. बांड्या रोज त्याभोवती फेरी मारतो, पण आत पाय टाकत नाही. तूच काही युक्ती सांग.

आणि अक्का, एक मागणं आहे. चार महिन्यांसाठी म्हणून आलो होतो, आता वर्ष होत आलं. परतीचं काढलं की कौशिक विषय बदलतो. मला घरी यायचं आहे. तो तुझं ऐकतो. त्याला दोन ओळी लिहिशील का?

तुझा,
बाळ

मिठबाव
२ जानेवारी २०२५

चि. बाळ यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

सत्तरी उलटली तरी तुला 'चिरंजीव'च लिहिणार, राग मानू नकोस.

कोल्ह्याचं म्हणशील, तर आपले अण्णा उदमांजर कसं धरायचे ते विसरलास? पिंजरा मांडून लगेच सावज आत जात नसतं. दार सुंभानं वर बांधून टाक. रोज आत खाऱ्या बांगड्याचं डोकं ठेव आणि त्याला सुखानं खाऊ दे. आधी तो दाराकडे बघत खाईल. मग एक दिवस दाराकडे पाठ करून खायला लागेल. त्या दिवशी सुंभ सोड, मग आमिषाला तोंड लागताच दार पडेल.

दुसऱ्या गोष्टीबद्दल मी कौशिकला लिहिणार नाही. तिथंच राहा. इथे काय आहे? तुझ्या घराला कुलूप, अंगणात रान माजलेलं. तिकडे जायच्या आधीच्या श्रावणात विहिरीपाशी पडलास तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. मी आले, पण तुला उचलू शकले नाही. तुझं डोकं मांडीवर घेऊन नुसती बसले. ते मला पुन्हा बघायचं नाही. तिथं मुलगा आहे, सून आहे, नात आहे. जीव रमव.

उर्वीला पापा.
अक्का

माबेला
१६ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली. बांड्या सापडला.

तू लिहिलंस तसंच झालं. पहिले काही दिवस तो एक डोळा दाराकडे ठेवून खायचा. मग निवांत पाठ करून बसायला लागला. मी सुंभ सोडलं. पहाटे खण्णकन आवाज आला. जाऊन बघतो तर एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. ओरडत नव्हता, धडपडतही नव्हता. इतके दिवस जे दार उघडं होतं, तेच परत उघडेल म्हणून त्याच्याकडे टक लावून होता.

शुक्रवारी पिंजरा गाडीत घालून आम्ही सगळे फंजाच्याही पलीकडे डोंगरात गेलो. कौशिकनं दार उघडलं तरी तो बाहेर येईना. शेवटी आला, चार पावलं गेला आणि उभा राहिला. डोंगराकडे बघेना, आम्ही आलो त्या रस्त्याकडे बघत होता. उर्वी मला तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली की आजोबा, त्याला कुठे जायचं ते माहीतच नाही. कौशिक म्हणाला, होईल सवय, इथंही खायला मिळेल. बोलून गेला आणि माझ्याकडे न बघता रिकामा पिंजरा गाडीत चढवू लागला.

अक्का, मी परतीचं बोलायला लागलो त्याच आठवड्यात कौशिकनं या कोंबड्या घरी आणल्या होत्या. मला किती आनंद झाला होता! आता वाटतं, तेव्हा दार बांधलेलं होतं. मी पाठ करून दाणे टाकत राहिलो आणि माझं परतीचं तिकीट कधी बाद झालं ते कळलंही नाही. कौशिकचा दोष नाही. तो मायेनंच करतो. तूही मायेनंच 'राहा' म्हणून लिहिलंस. पण माझा जीव इथे रमत नाही, अक्का, आणि यापुढे रमेल असं वाटत नाही. आता कुणाला काही लिहू नकोस. प्रकृतीला जप.

तुझा,
बाळ

माबेला
९ मार्च २०२५

ती. आत्यास,
कौशिकचा शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून घाबरू नकोस, बाबा ठीक आहेत. म्हणजे चालतात, फिरतात. महिनाभर जेवण मात्र अर्ध्यावर आलं होतं आणि बोलणं त्याहून कमी.

काल संध्याकाळी बांड्या परत आला. तोच, अर्ध्या शेपटीचा. पार खंगला आहे, पुढचा एक पाय टेकत नाही. मधले हमरस्ते त्यानं कसे ओलांडले देव जाणे. येऊन भिंतीवर आपल्या जागेवर बसला. मला वाटलं, बाबा काठी उचलतील. त्यांनी आत जाऊन बांगडा आणला आणि भिंतीपलीकडे टाकला. मग मला एवढंच विचारलं, की एवढ्या वाटेत तो पाणी कुठे प्यायला असेल. मी न्हाणीघरात जाऊन रडलो.

बाबांना 'राहा' म्हणून लिहायची गळ मीच तुला घातली होती. ते तिथे एकटे पडले आणि मी इथे असलो, तर काय करू, ही भीती मला होती. अजूनही आहे. पण इथे रोज थोडे थोडे संपताना त्यांना मी बघतोच आहे. गुढीपाडव्याच्या आधीचं तिकीट काढलं. एकाच बाजूचं. मी सोबत येतो, आठ दिवस राहून परतेन.

पिंजऱ्यात आता रात्री कोंबड्या झोपतात, कडी लावून. दाणे उर्वी टाकते. हे पत्र उस्मानशेठचा माणूस थेट तुझ्या हातात देईल. आत्या, तू रागावली नाहीस ना?

तुझा,
कौशिक

मिठबाव
१४ मार्च २०२५

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

कौशिकचं पत्र मिळालं. त्याला सांग, रागावण्याएवढी शक्ती मी तुझ्यासाठी राखून ठेवली आहे.

तुझ्या घराचं कुलूप काढलं. अंगण बेणून घेतलं, विहिरीला कठडा बांधायला माणूस लावला आहे. माझी वळकटी तुझ्या ओटीवर आणून टाकली. यापुढे मी तिथेच झोपणार, तुझी परवानगी मागितलेली नाही. तू पडलास तर मला तुला उचलता येणार नाही, ते खरंच. पण बहिऱ्या बाईची हाक सगळ्या वाडीला ऐकू जाते.

तू येशील त्या दिवशी खारा बांगडा भाजून ठेवते. त्याला आमिष म्हणायचं तर म्हण. दार मी सुंभानं बांधून ठेवलं आहे आणि ते सोडणारं इथे कुणी नाही.

वाट बघते.
तुझी अक्का