गच्चीवरचा वर्ग आणि माझा ब्लॉक

मटका नव्हता तो, वर्ग होता! सोसायटीचा सेक्रेटरी गुणाजी, माझा सख्खा दीर, याने पोलीस आणले तेव्हाही मी ओरडून सांगितलं, आता मृत्युपत्राच्या कागदावर सांगते.

मी, रुक्मिणी धोंडू परब, वय बावन्न, राहणार मुलुंड, धंदा खानावळ, शिक्षण तिसरी. डोकं शाबूत आहे; शंका असेल त्याने येऊन भांडून बघावं. माझ्यावर दबाव टाकणारा अजून जन्मायचा आहे.

१. खानावळीच्या कमाईतून माझ्या नावावर घेतलेला ब्लॉक माझ्या पश्चात सून अनुपमा हिचा. मुलगा दशरथ याचा नाही. कारण लिहिते.

अनुपमा युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर शिकवते. एकच मोठं गणित पुष्कळ मशीननी वाटून घेऊन एकाच वेळी कसं सोडवायचं, हा तिचा विषय. तिथे मशीन एकच, तेही परीक्षेच्या निकालात अडकलेलं. म्हणून तिने पोरांनाच मशीन केलं. रविवारी आमच्या गच्चीवर रांगांनी बसवलं. समजा गच्ची म्हणजे तापत आलेला तवा, आणि एकेक पोर म्हणजे त्यावरचा एकेक ठिपका. आपला ठिपका किती तापला तो आकडा चिठ्ठीवर लिहून चारी शेजाऱ्यांना द्यायचा, त्यांचे घ्यायचे, सरासरी काढायची, तोच आपला नवा आकडा; आकडे बदलायचे थांबेपर्यंत हेच. अनुपमाची टाळी होईपर्यंत कोणी पुढे जायचं नाही.

गुणाजीने जिन्यातून चिठ्ठ्या पाहिल्या, आकडे ऐकले आणि धावला चौकीवर.

हवालदाराने विचारलं, "काय रे, मटक्याचा ओपन काय आला?"

एक पोर म्हणालं, "साहेब, आकडा अजून स्थिर व्हायचाय."

"चल, चौकीत होईल स्थिर!"

दशरथ त्याच रांगेत होता, न आलेल्या पोराच्या जागी. त्याला विचारलं तर म्हणतो, "मी कपडे काढायला आलोय." बायको समोर उभी! चिठ्ठी खिशात आणि माझा परकर खांद्यावर.

पोरं संध्याकाळी सुटली, पण युनिव्हर्सिटीने अनुपमाचा वर्ग बंद केला. मी तिथल्या तिच्या विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "आजी, तुम्ही गच्चीवर होता?" नव्हते. खाली भात उतरवत होते. "मग जो होता त्याला पाठवा." आजी म्हणाले, तेही लक्षात ठेवलंय.

२. भांडी आणि शेगड्या शेवंतीला, खानावळीत माझ्याबरोबर राबली म्हणून. मोठं पातेलं तिनेच करपवलंय, तेही तिलाच.

३. दशरथला कपड्यांची दोरी, चिमट्यांसकट.

४. पिंडाला कावळा शिवला नाही तर दर्भाचा करू नये. आधी गुणाजीने गच्चीला ठोकलेलं कुलूप काढावं, मग बघू.

साक्षीदार: भीमराज कांबळे, जानकी सावंत
सही: रुक्मिणी धोंडू परब
मुलुंड, मंगळवार, १० फेब्रुवारी १९८७

दशरथ, सहीखाली लिहिते, हे अजून रजिस्टर केलेलं नाही. सोमवारी विभागप्रमुखांपुढे उभा राहून सांगणार आहेस का, की तू तिथे बसून गणित करत होतास? हो की नाही, रविवारी संध्याकाळपर्यंत तोंडाने सांग. बायकोच्या हाती निरोप पाठवू नकोस.