तुम्ही पूर्ण बरे झालात

अहो,

कुकरमध्ये वरण-भात आहे, गोळ्या डबीत आहेत.

तापानंतर मेंदूला सूज आली आणि तुम्ही मला ओळखेनासे झालात. चार महिने, "बाई, तुमची आमटी फक्कड हो," म्हणून स्वतःचं ताट उचलून ठेवत होतात. एकतीस वर्षांच्या संसारात एवढं सुख मला सोसायची सवय नव्हती.

काल तुम्ही वाटी भिंतीवर फेकलीत. "इंदे, मीठ काय तुझा बाप घालणार?" नाव अचूक आठवलं, तेव्हाच कळलं, तुम्ही पूर्ण बरे झालात.

मी सुदुंबऱ्याला ताईकडे चालले आहे, कायमची. निघण्याआधी डॉक्टरांना विचारलं, सूज परत येऊ शकते का?

"निश्चिंत राहा काकू, आता नाही येणार."

फार आशेनं विचारलं होतं.

— इंदिरा