प्रोटॉन, पाणी आणि पाच ठिपके

१४ जून, जळगाव
आलेख पुन्हा वरच! प्रोटॉन पाण्याच्या रेणूवर आदळतो, रेणूचा इलेक्ट्रॉन जातो, मग रेणू फुटतो — किती वेळा जातो, किती तुकडे होतात, एवढंच तर काढायचंय. वेगवान प्रोटॉनला माझा आलेख प्रयोगावर अचूक बसतो. संथ प्रोटॉनला दीडपट वर जातो. पाच ठिपके! सहा वर्षं या पाच ठिपक्यांपाशी अडकलीत.
३० तारखेला पीएचडीची नोंदणी संपते. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली.

१७ जून
माझा सगळा कोड पहिल्या ओळीपासून तपासला. चूक नाही. राहिला फक्त अभिमन सरांचा भाग. गाईडच्या स्वतःच्या पीएचडीचा प्रोग्रॅम, त्यावरच माझं सगळं उभं. तो काय उघडायचा! सरांवर संशय घेतल्यासारखं होईल. माझंच कुठेतरी चुकतंय.

१८ जून
डोकं चालत नाही.

२१ जून
धुळ्याहून आईचा फोन. "बठ्ठं व्हई जाई वं. जेवनी का तू?" सगळं होईल म्हणे. जेवले, म्हणाले मी. खोटं. मग म्हणते, "पानीले फोडीसन काय भेटस तुले?" हसायला हवं होतं, रडूच आलं. तिला काय सांगू — कॅन्सरवर प्रोटॉन मारतात तेव्हा शरीरातल्या पाण्याचंही असंच होतं, आणि माझे आकडे तिथेच फसताहेत?
धुळ्याच्या कॉलेजातली जागा थीसिस जमा झाला तरच. नाहीतर तिशी उलटल्यावर पुन्हा बारावीच्या ट्यूशन. मला भीती वाटते. खूप वाटते.

२६ जून
दुपारी सरांनी डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. "बसला का आलेख?"
"बसेल सर."


२८ जून
केलं. पाचही ठिपके हातानं खाली ओढले. प्रत्येकाला वेगळ्या आकड्यानं गुणलं, जो लागेल तो! दोन मिनिटांचं काम. आलेख प्रयोगावर असा बसला की माझ्याच्यानं बघवेना. याबद्दल थीसिसमध्ये एक अक्षर लिहिलं नाही.
सरांनी सही करण्याआधी त्या पानावर बोट ठेवलं. "वा, सपना!" मी त्यांच्या पेनकडे बघत राहिले. लाज वाटली, पण थांबवलं नाही.

३० जून
जमा. पावती मिळाली. आई शेजारी पेढे वाटतेय.

३ जुलै
सरांचा फोन. आवाज कापत होता. नव्या विद्यार्थ्याला द्यायचा म्हणून त्यांनी आपला जुना प्रोग्रॅम उघडला होता. संथ प्रोटॉन जाताना इलेक्ट्रॉन स्वतःच उचलून नेतो — ते इलेक्ट्रॉन त्यात दोनदा मोजले जातात, पहिल्या दिवसापासून. "माझीच चूक गं. त्यावरचा माझा पेपर मागे घेतोय, आत्ताच पत्र लिहिलं."
 मग म्हणाले, अगदी सहज —
"पण सपना, या प्रोग्रॅममधून तुझे ठिपके बरोबर कसे आले?"