बरणी तुझ्याकडे, झाकण त्याच्याकडे

प्रिय ताईस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार.

शाळेच्या मागच्या जिन्यावर बसून आपण दोघी एकच पेरू मीठ लावून खायचो आणि मोठा तुकडा कुणाला गेला यावर भांडायचो, ते आज सकाळी उगाच आठवलं. सिस्टर आल्या की पेरू तुझ्या खिशात आणि अपराधी चेहरा माझा. असो. तुझा खोकला कसा आहे? औषध घेतेस ना? (आवाजावरून तरी वाटत नाही.) आमच्याकडे सगळं ठीक आहे, फक्त ह्यांना डास चावलेत. (आपल्या धाकट्या भावाचं नाव काढत नाही, घाबरू नकोस. अजून तरी नाही.)

झालं असं, की परसातल्या वाफ्यांत यंदा फरसबी, गाजर, पालक, टोमॅटो सगळं एकदमच आलं. दोन माणसं खाऊन खाऊन किती खाणार? शेजारच्या शिंपीणबाई मला टोपली घेऊन येताना पाहिलं की दार लावून घेतात. शेवटी वाळवून ठेवायचं ठरवलं. फरसबी तिरकी चिरून उकळत्या पाण्यातून काढली, गाजराच्या चकत्या केल्या, पालक सावलीत पसरला (उन्हात त्याचा रंग उडतो). पहिल्या दिवशी माश्या आल्या, दुसऱ्या दिवशी मुंग्या. तिसऱ्या दिवशी मी ह्यांची मच्छरदाणी काढली, गच्चीवर खाट टाकली आणि तिच्यात भाज्यांना निजवलं, पालकावर सावलीला फडकं घालून. सकाळी हे हात खाजवत म्हणाले, “पुढच्या जन्मी मला गाजर कर.” मी म्हटलं, “सोलून घ्यावं लागेल, चालेल का?” त्याच संध्याकाळी दव पडायच्या आत खाट खाली आणताना ती जिन्यात अडकली. हे वर, मी खाली, मध्ये पालक. सुतार येईपर्यंत ह्यांचा चहा मी खाटेच्या पायांमधून वर पोचवला. एवढं करून पाच टोपल्यांच्या चार पुड्या झाल्या. बाकीचं कुणाला दिलंस, असं हे अजून विचारतात.

आता खरी अडचण. फरसबी कडकन मोडते, पालक हातात चुरतो, म्हणजे वाळलंय उत्तम. पण हवा लागली की आठ-दहा दिवसांत सगळं मऊ पडेल आणि बुरशी धरेल. माझ्या बरण्यांची झाकणं ढिली. घट्ट बसणारं झाकण आपल्यात एकच, आईच्या मोठ्या काचेच्या बरणीचं. सामान वाटताना ते चुकून धाकट्याच्या खोक्यात गेलं, तू म्हणालीस “चोरलंस,” तो म्हणाला “मग बरणीपण दे,” आणि दोन वर्षं झाली, तुम्ही एकमेकांच्या दारात पाऊल ठेवलेलं नाही. तू बरणीत पळ्या ठेवतेस, तो झाकणात किल्ल्या टाकतो. मी दोन्हीकडे जाते आणि दोन्हीकडे त्या वस्तूकडे न बघता चहा पिते. ताई, हे मला आता जमेनासं झालंय.

तुझी धाकटी

ता. क. भाज्यांच्या पुड्या ह्या पत्राबरोबरच पाठवते आहे. बरणी घासून उन्हात ठेव. आत पाण्याचा थेंब राहता कामा नये.

ता. क. आणखी एक. धाकट्याला मी कळवलंय, की ताईनं तुला रविवारी झाकण घेऊन जेवायला बोलावलंय. तू असं काही म्हणाली नाहीस, मला माहीत आहे. तुझ्या पेरूपायी मी भिंतीकडे तोंड करून जेवढी उभी राहिले, त्यात हे एक खोटं वळतं करून घे.

ता. क. शेवटचं. फरसबी तुला, गाजर त्याला (शिजवायच्या आधी तासभर भिजवायचं, हे वहिनीला सांग), पालक निम्मा निम्मा. टोमॅटो माझे, मी येईन तेव्हा. पुड्या मात्र सगळ्या त्या एकाच बरणीत राहतील, म्हणजे गाजरासाठी त्याला तुझ्याकडे वरचेवर यावं लागेल. तेवढं चालवून घे. आणि झाकण त्यालाच फिरवू दे. तुझ्या मनगटानं आता ते होत नाही, हे मी त्याला सांगितलेलं नाही. ते तूच सांग.